कागद लिस्बनला, शिष्यवृत्ती पहिल्या २०० मध्ये

सिंधुदुर्गातल्या एका कला-वाणिज्य महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. करिअर मार्गदर्शन कक्षही माझ्याकडेच आहे. कक्ष म्हणजे ग्रंथालयाशेजारची खोली, एक संगणक आणि भिंतीवर बँक-पोलीस भरतीच्या जाहिराती. परदेशी शिक्षणाची चौकशी करायला इथे क्वचित कोणी येतं, आणि कला शाखेतून तर जवळजवळ नाहीच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये टीवायबीएची एक विद्यार्थिनी आली ती मात्र चौकशी करायला नव्हे, तर शिफारसपत्र मागायला. तिचं सगळं ठरलेलं होतं. पुढे त्यातलं जवळपास सगळं बदललं. ते का आणि कसं बदललं, याची ही नोंद आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे-गावचे काही तपशील बदलले आहेत.

वडील एसटीत चालक. आई घरची काजूची बाग बघते आणि हंगामात काजूगराचं काम घेते. प्रवर्ग ओबीसी, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या खाली. आजोळ पेडण्याकडचं, म्हणजे आईची सगळी माणसं गोव्यात. मुलीला इतिहासात प्रथम वर्ग होता. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचा मोडी प्रशिक्षण वर्ग तिने केला होता, आणि केवळ प्रमाणपत्रापुरता नव्हे. गावच्या देवस्थानाकडचे जुने कागद ती बऱ्यापैकी वाचत होती. इंग्रजी वाचन चांगलं, बोलणं अडखळत. पासपोर्ट काढलेला नव्हता.

तिच्या हातातली फाइल कोल्हापुरातल्या एका सल्लागार संस्थेने बनवून दिली होती. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, लंडनमधल्या एका विद्यापीठातली वारसा व्यवस्थापनाची एक वर्षाची एमए. दुसरी, त्याआधीच्या उन्हाळ्यात ‘युरोपातल्या संग्रहालयात इंटर्नशिप’, आठ आठवड्यांची. तिचं शुल्क विद्यार्थ्याने भरायचं, राहणं-खाणं वेगळं.

आधी इंटर्नशिपचं बोलू, कारण ते लवकर निकालात निघालं. पत्रकात संग्रहालयाचं नाव कुठेच नव्हतं. शहर ‘उपलब्धतेनुसार’. देखरेख कोण करणार, काम काय, कोणती भाषा लागेल, याबद्दल एक ओळ नाही; प्रमाणपत्राचा फोटो मात्र अर्ध्या पानाचा. खऱ्या इंटर्नशिपमध्ये घेणाऱ्याला तुमच्याकडून काहीतरी हवं असतं. इथे हवे होते ते फक्त पैसे. मी तिला एवढंच विचारलं, की तिथल्या लोकांची भाषा येत नसताना संग्रहालय तुला कोणतं काम देईल? तिने पत्रक घडी करून पिशवीत टाकलं.

आता एमए. शुल्क २४ हजार पौंडांच्या घरात. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी लंडनमध्ये राहण्याचा खर्च खात्यात दाखवावा लागतो. जानेवारी २०२५ मध्ये तो महिन्याला १,४८३ पौंड झाला, आणि नऊ महिन्यांचा दाखवायचा म्हणजे तेव्हा १३,३४७ पौंड. वर आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंडांच्या दराने, व्हिसा शुल्क, विमानाचं तिकीट. रुपयात सगळं मिळून ४० लाखांच्या पुढे. सल्लागाराच्या कागदावर यातलं फक्त शुल्क होतं, बाकीचं ‘इतर’.

सल्लागार सगळे लबाड असतात असं मी म्हणत नाही. पण त्यांचं उत्पन्न कुठून येतं ते पालकांना कळायला हवं. अनेक परदेशी विद्यापीठं प्रवेशामागे एजंटाला कमिशन देतात. जी सार्वजनिक विद्यापीठं ते देत नाहीत, त्यांची नावं अशा फाइलमध्ये सहसा दिसत नाहीत. तिच्या फाइलमध्ये लंडनचं धरून सहा विद्यापीठांची नावं होती, सगळी ब्रिटन आणि आयर्लंडची.

पेडण्याचा प्रश्न

मी तिला शिफारसपत्र लगेच दिलं नाही. म्हटलं, पत्रात लिहायला मला काहीतरी हवं. तुला शिकायचंय काय ते सांग. ‘वारसा’ म्हणाली. कोणाचा वारसा, कुठला? त्यावर जे उत्तर आलं ते फाइलीत कुठेच नव्हतं. पेडणे महाल आधी सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता. १७८८ मध्ये तो पोर्तुगिजांकडे गेला. डिचोली आणि सत्तरी त्याआधी काही वर्षं गेले होते. गोव्याच्या इतिहासात या मुलखाला नव्या काबिजादी म्हणतात. तिच्या आजोळच्या घरात जमिनीचा एक जुना वाद पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो, आणि त्याची सुरुवात ‘फिरंगी आले तेव्हा’ अशी होते. सत्ता बदलली तेव्हा गावच्या जमिनीचं, देवस्थानांचं, वतनांचं नक्की काय झालं, हे तिला बघायचं होतं.

हा चांगला प्रश्न आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याकडे परदेशी जाण्याचं यापेक्षा चांगलं कारण नसतं. आणि या प्रश्नाने तिच्या फाइलीतलं लंडन एका झटक्यात बाद झालं, कारण त्या अभ्यासक्रमात पोर्तुगीज शिकायची सोय नव्हती आणि अठराव्या शतकाशी त्याचा काही संबंध नव्हता.

कागद कुठे आहेत ते पाहू. गोव्याचं पुराभिलेखागार मुळात १५९५ चं. पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोउतु हा त्याचा पहिला रखवालदार. पोर्तुगालच्या राजाशी दर मोसमाला होणारा पत्रव्यवहार, शेजारच्या राज्यांशी झालेला व्यवहार, गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या गावकऱ्यांचे म्हणजे कोमुनिदादींचे कागद, आणि मोडीतली कागदपत्रं हे सगळं पणजीत. पांडुरंग पिसुर्लेकरांनी (१८९४-१९६९) याच दप्तरात बसून मराठ्यांच्या इतिहासाला पोर्तुगीज साधनांची बाजू मिळवून दिली. दुसरा मोठा साठा लिस्बनला. अठराव्या शतकात गोव्यातून राजाच्या पत्रव्यवहाराचे बरेच खंड तिकडे हलवले गेले, ते तोर्रे दु तोंबु या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. वसाहतींच्या कारभाराचे कागद वेगळ्या दप्तरखान्यात, आर्किव्हु इश्तोरिकु उल्त्रामारिनुमध्ये. तो १९३१ साली स्थापन झाला.

म्हणजे तिच्या प्रश्नाची पहिली निम्मी उत्तरं सावंतवाडीपासून बसने दोन तासांच्या आत होती. हे सांगितल्यावर तिचा चेहरा पडला. परदेशी जायचं म्हणून आलेल्या मुलीला सर पणजीला जायला सांगत होते.

पण लिस्बन रद्द झालं नव्हतं, ते फक्त दुसऱ्या क्रमांकावर गेलं होतं. तोर्रे दु तोंबुमधली बरीच कागदपत्रं आता ऑनलाइन प्रतिमांच्या रूपात दिसतात; निव्वळ कागद बघायला कर्ज काढून जायची गरज राहिलेली नाही. तिथे जाऊन मिळतं ते वेगळं. जुनं पोर्तुगीज हस्ताक्षर वाचायला शिकवणारे शिक्षक, त्या विषयावर रोज बोलणारी माणसं, आणि अजून प्रतिमा न निघालेली बाडं. याचा उपयोग व्हायचा तर जाण्याआधी भाषा यायला हवी. अठराव्या शतकातला कारकून बोलचालीचं पोर्तुगीज लिहीत नव्हता.

पैशाची बाजू

इथे प्रकरण अडलं, आणि माझ्या मते कला शाखेच्या बहुतेक मुलांचं इथेच अडतं.

महाराष्ट्र शासनाच्या परदेश शिष्यवृत्त्या चांगल्या आहेत. सामाजिक न्याय, इतर मागास बहुजन कल्याण, आदिवासी विकास, सारथी असे वेगवेगळे विभाग आणि संस्था त्या देतात. शुल्क, निर्वाह भत्ता, विमानभाडं सगळं येतं. उत्पन्नाची अट आठ लाखांची, म्हणजे ही मुलगी बसत होती. पण विद्यापीठ क्यूएस जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये हवं. पोर्तुगालचं एकही विद्यापीठ त्या २०० मध्ये नाही. लिस्बन नाही, पोर्तु नाही, १२९० साली स्थापन झालेलं कोइंब्राही नाही.

ही अट कोणासाठी लिहिली गेली ते उघड आहे. क्यूएसची एकूण क्रमवारी संशोधनाचे उल्लेख, नावलौकिक, परदेशी विद्यार्थ्यांचं प्रमाण असल्या गोष्टींवर बेतलेली असते, आणि त्यात विज्ञान-तंत्रज्ञानाची मोठी विद्यापीठं वर जातात. आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासासाठी जगभर नाव असलेलं लंडनचं सोआससुद्धा एकूण यादीत २०० च्या बाहेर आहे. विषयवार क्रमवारी हाच क्यूएस वेगळी काढतो. शासनाने ती धरली असती तर चित्र निराळं झालं असतं. अभियंत्याला या अटीचा त्रास होत नाही, कारण त्याची प्रयोगशाळा कोणत्याही चांगल्या विद्यापीठात असू शकते. पेडण्याचे कागद म्युनिकला नसतात.

केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती तिच्या प्रवर्गाला लागू नव्हती, पण जाता जाता सांगतो. २०२२ साली त्या योजनेच्या नियमांत बदल झाला आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास, भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय वगळण्यात आले. म्हणजे अनुसूचित जातीच्या एखाद्या मुलाला हाच पेडण्याचा प्रश्न घेऊन जायचं असतं, तर त्याला तिथेही दार बंद. या देशातल्या मुलांनी या देशाबद्दल परदेशात जाऊन शिकायचं नाही, असा याचा अर्थ होतो. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेलेल्या बाबासाहेबांनी तिथे जातिसंस्थेवरच निबंध वाचला होता, हे नियम करणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं.

खासगी निधींत फेलिक्स शिष्यवृत्ती ऑक्सफर्ड, सोआस आणि रेडिंगपुरती. इनलॅक्सला आधी प्रवेश हातात हवा. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून चालू आहे आणि इतिहासाच्या मुलालाही देतं, पण ती कर्जरूप शिष्यवृत्ती, तेव्हा एक लाखापासून दहा लाखांपर्यंत. अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरूच्या एमएसाठी तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, ब्रिटनच्या चिव्हनिंगला दोन. वयाच्या विसाव्या-एकविसाव्या वर्षी यातलं काहीच लगेच हाताला लागत नव्हतं.

मग बँकेचं कर्ज. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्याच्या वर सहसा लागतं. वडील म्हणाले, बाग आहे ना. बागेचा सातबारा मी पाहिला. कोकणात ज्याने सातबारा पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. सामाईक, चार पिढ्यांची नावं, त्यात मयतांची वारसनोंद नाही, दोन चुलत काका मुंबईत, एक आत्या बेळगावात, आणि आणेवारी, म्हणजे कोणाचा हिस्सा किती ते, कधी फोडलेलीच नाही. शिवाय शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घ्यायला बँका सहसा तयार होत नाहीत. घर वडिलांच्या एकट्याच्या नावावर होतं, पण ज्या जमिनीवर ते उभं होतं ती जमीन त्यांच्या एकट्याच्या नावावर नव्हती. सल्लागाराच्या फाइलीत ‘कर्जसाहाय्य उपलब्ध’ असं ठळक अक्षरांत छापलेलं होतं.

या टप्प्यावर आई एकदा स्वतः महाविद्यालयात आली. पैशाचं ती काहीच बोलली नाही. “सर, चेडवाक थंय आपला असा कोण आसा?” एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही. पोर्तुगालला गेलेले गोव्याचे लोक खूप आहेत, पेडण्याकडचेही मिळतील, पण आपलं म्हणावं असं कोणी नाही. खोटं सांगून उपयोग नव्हता. तिने मान हलवली आणि मुलीच्या पासपोर्टला किती खर्च येतो ते विचारलं.

पोर्तुगालचा हिशेबही वाटतो तितका स्वस्त नाही, हे मला मांडून दाखवावं लागलं, कारण एव्हाना मुलगी लिस्बनच्या प्रेमात पडली होती. व्हिसासाठी दाखवायच्या राहण्याच्या खर्चाचं प्रमाण तिथल्या किमान वेतनाशी जोडलेलं आहे; २०२५ साली ते महिना ८७० युरो होतं, म्हणजे वर्षाला १०,४४० युरो. शुल्क विद्यापीठागणिक बदलतं, लंडनच्या निम्म्याहून कमीच. पण तिथली एमए दोन वर्षांची. लंडनच्या एका वर्षाशी ताडून पाहिलं तर वाचलेल्या पैशातला बराच भाग दुसरं वर्ष खाऊन टाकतं.

वेळेचा घोळ

तिला टीवायला असताना जाग आली, आणि अल्पकाळच्या बहुतेक योजनांसाठी ते उशिराचं होतं. हे मी आता एफवायच्या वर्गात पहिल्याच महिन्यात सांगतो.

जर्मनीच्या डाड या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची वाइज नावाची इंटर्नशिप आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते, पण ती विज्ञान-अभियांत्रिकीच्या मुलांसाठीच आहे. कॅनडाची मिटॅक्स ग्लोबलिंक मात्र सगळ्या शाखांना खुली. बारा आठवडे, मे ते ऑक्टोबरच्या दरम्यान, तिथल्या प्राध्यापकाच्या हाताखाली, खर्च त्यांचा. इतिहास, साहित्य, समाजशास्त्र यांचे प्रकल्पही त्यात असतात. अट अशी की इंटर्नशिपहून परत आल्यावर पदवीचं निदान एक सत्र शिल्लक हवं. तीन वर्षांच्या बीएत याचा अर्थ अर्ज एसवायच्या सुरुवातीलाच करावा लागतो. आमच्याकडे एसवायची मुलं त्या वेळी एटीकेटीच्या निकालाची वाट बघत असतात. नव्या शैक्षणिक धोरणाच्या चार वर्षांच्या पदवीत ही मुदत एका वर्षाने वाढते, शिवाय ऑन जॉब ट्रेनिंगची क्रेडिट्स असल्यामुळे महाविद्यालयालाही पत्र द्यायला कारण मिळतं. तिची तुकडी मात्र जुन्या पद्धतीची होती.

तीन वर्षांच्या पदवीची दुसरी अडचण देशागणिक बदलते. ब्रिटनमध्ये आपली बीए चालते. पोर्तुगालची पदवीही तीन वर्षांची, त्यामुळे तिथे कालावधीचा प्रश्न येत नाही. नेदरलँड्समध्ये मात्र ती तिथल्या विद्यापीठीय पदवीच्या बरोबरीची बहुधा धरत नाहीत आणि इथली एमए मागतात. हे नेदरलँड्स मधेच कुठून आलं ते पुढे सांगतो.

हे सगळं मांडून झाल्यावर ऑक्टोबरमध्ये आम्ही जे ठरवलं त्यात परदेशाचं नाव दीड वर्षाच्या आत कुठेच नव्हतं. टीवाय पूर्ण करायचं. शनिवार-रविवारी पणजीला पोर्तुगीजच्या वर्गाला जायचं. कामोंइश या पोर्तुगीज भाषासंस्थेचं केंद्र पणजीत आहे, आणि तिथल्याच फोंतेन्यश भागात फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज प्रतिष्ठानाचं कार्यालय आहे. दोन्ही संस्था पोर्तुगीज शिकणाऱ्यांना शिष्यवृत्त्या देतात, उन्हाळी वर्गांसाठीही. त्यानंतर गोवा विद्यापीठात एमए इतिहास. तिथे पोर्तुगीजचाही विभाग आहे, दप्तरखाना हाताशी, आणि खर्च घरच्या पगारात बसणारा. एमएच्या दरम्यान उन्हाळ्यात लिस्बनला एक महिन्याचा भाषावर्ग, शक्य झालं तर शिष्यवृत्तीवर. पूर्ण पदवीसाठी जायचं की नाही, कुठे जायचं, याचा निर्णय त्या महिन्यानंतर.

सहकाऱ्यांपैकी दोघांना हे पळपुटेपणाचं वाटलं. मुलगी उडायला निघाली आणि तुम्ही तिला पेडण्याच्या नाक्यावर उतरवलंत, असं एकजण म्हणाले. मला तसं वाटत नाही. ४० लाखांचा निर्णय आणि एक महिन्याचा निर्णय यांत एका गोष्टीचा फरक आहे. एका महिन्यात चूक झाली तर बस चुकल्यासारखं होतं, दुसरी मिळते.

अर्ज

शिष्यवृत्तीच्या अर्जासोबतच्या निवेदनाचा पहिला मसुदा ‘लहानपणापासूनच मला इतिहासाची आवड आहे’ असा सुरू होत होता. हे वाक्य दरवर्षी माझ्या टेबलावर येतं. नंतर एक परिच्छेद शिवरायांवर, एक भारताच्या महान परंपरेवर, आणि शेवटी ‘आपल्या नामवंत संस्थेत’. कुठल्याही संस्थेला पाठवता आलं असतं. तिला म्हटलं, यातलं कोणतं वाक्य शेजारच्या बाकावरची मुलगी लिहू शकणार नाही? एकही सापडलं नाही.

दुसऱ्या मसुद्याची सुरुवात देवस्थानाच्या एका मोडी कागदाने झाली. नव्या काबिजादी पोर्तुगिजांकडे गेल्यानंतरचा कागद, त्यात गावच्या एका जमिनीच्या उत्पन्नाची विल्हेवाट. कागद तिने वाचला होता, पण त्याच व्यवहाराचा पोर्तुगीज कागद असला पाहिजे आणि तो तिला वाचता येत नाही, असं तिने सरळ लिहिलं. मग तो वाचण्यासाठी काय शिकायला हवं. बस्स. निवेदन अर्ध्या लांबीचं झालं. सोबत तिने त्या कागदाचं देवनागरी लिप्यंतर आणि इंग्रजी सारांश जोडला. कला शाखेच्या विद्यार्थ्याकडे दाखवायला काही नसतं अशी समजूत आहे. लिप्यंतर असतं, अनुवाद असतो, मुलाखतींच्या नोंदी असतात, एखाद्या ग्रामग्रंथालयाची केलेली सूची असते. आम्ही ते प्रकल्पाच्या गुणांपुरतं करून घेतो आणि रद्दीत टाकतो, ती गोष्ट वेगळी.

शिफारसपत्रही मग सोपं गेलं. ‘मेहनती आणि होतकरू’ असं न लिहिता कोणता कागद तिने कसा वाचला आणि कुठे अडली ते लिहिलं. मोडी येणं ही आपल्याकडे छंदाची बाब समजली जाते. पोर्तुगीज वसाहतींवर काम करणाऱ्या परदेशी अभ्यासकाला पोर्तुगीज येत असतं, मोडी क्वचितच. दोन्ही येणारी व्यक्ती त्या क्षेत्रात उपयोगाची असते. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. सल्लागाराच्या अर्जात ‘भाषा’ या रकान्यात इंग्रजी, हिंदी, मराठी एवढंच होतं, आणि लिपीला रकानाच नव्हता.

पुढे काय झालं

टीवाय प्रथम वर्गात पार पडलं. गोवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा तिने दिली आणि जागा मोजक्याच असूनही २०२५ मध्ये एमएला प्रवेश मिळाला. पेडण्याला मामाकडे राहून ये-जा सुरू झाली, त्यामुळे वसतिगृहाचा खर्च वाचला. पोर्तुगीज ए२ पर्यंत, म्हणजे युरोपीय मोजपट्टीच्या सहापैकी दुसऱ्या पायरीपर्यंत, आलं. लिस्बन विद्यापीठाची सिप्ले ही त्या पातळीची परीक्षा ती उत्तीर्ण झाली. उन्हाळी वर्गाच्या शिष्यवृत्तीचा पहिला अर्ज नामंजूर झाला. भाषेची पातळी कमी पडली असावी असा माझा अंदाज. दुसरा अर्ज बी१ च्या तयारीनंतर करायचं ठरलं आहे.

दप्तरखान्यात तिची गत पहिल्यांदा वाईट झाली. छापील पोर्तुगीज वाचणाऱ्याला अठराव्या शतकातलं हस्ताक्षर म्हणजे परकी लिपीच. पण मोडी शिकताना जी सवय लागली ती कामाला आली. एक अक्षर अडलं तर तेच अक्षर दुसऱ्या ओळीत शोधायचं, कारकुनाच्या ठरावीक मायन्याची यादी करायची, तारीख आणि नाव आधी पकडायचं. तिला आता नव्या काबिजादींच्या कागदांतली गावांची नावं ओळखता येतात, आणि पोर्तुगीज कारकुनाने मराठी नावांची केलेली मोडतोडही. एमएचा प्रबंध पेडण्यावरच आहे.

आता नेदरलँड्स. वेंगुर्ल्याची डच वखार आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, निदान तिचे अवशेष तरी. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ मध्ये ते ठाणं उभं केलं. त्या कंपनीचं दप्तर हेग इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, आणि त्याचा मोठा भाग संगणकाकडून वाचवून शब्दशोधासाठी खुला केला आहे. लायडन विद्यापीठात वसाहतींच्या आणि जागतिक इतिहासाची इंग्रजीतून एमए आहे, आणि आशियाई विद्यार्थ्यांना डच शिकवून या दप्तराकडे वळवण्याची तिथे जुनी परंपरा आहे. शुल्क २० हजार युरोंच्या आसपास. पण लायडन क्यूएसच्या पहिल्या २०० मध्ये आहे. म्हणजे राज्याची शिष्यवृत्ती मिळू शकते, आणि तोवर गोव्याची एमए झालेली असल्याने तीन वर्षांच्या पदवीची अडचणही उरत नाही. हा शोध तिचाच. मी तो सुचवला नव्हता.

माझा याला विरोध आहे आणि तो मी तिला सांगितला आहे. डच लोकांनी वेंगुर्ल्याचं ठाणं सतराव्या शतकातच गुंडाळलं. पेडणे पोर्तुगिजांकडे गेलं ते त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. लायडनला जायचं तर तिला प्रश्नच बदलावा लागेल, पोर्तुगीजवर घातलेली दोन-तीन वर्षं बाजूला ठेवून नवी भाषा धरावी लागेल. क्रमवारीची अट विषयाच्या आड येते म्हणून विषयच हलवायचा, हे मला पटत नाही.

तिचं म्हणणं असं की गोवेकर पोर्तुगीज, सावंतवाडीचे सावंत-भोसले आणि डच हे तिघं वेंगुर्ला-बार्देशच्या पट्ट्यात एकमेकांशी सतत व्यवहार करत होते, आणि पोर्तुगीज येणारी व्यक्ती डच कागदांतही जास्त बघू शकेल. सतराव्या शतकात डच आणि पोर्तुगीज यांनी एकमेकांबद्दल लिहिलेलं शेजारी-शेजारी ठेवून वाचलेलं फारसं कोणी नाही. शिवाय वडिलांच्या निवृत्तीला सहा वर्षं उरली आहेत आणि तिला कर्ज नको आहे. या शेवटच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही.

सध्या दोन्ही अर्जांची तयारी चालू आहे. लिस्बनच्या उन्हाळी वर्गासाठी बी१ चं प्रमाणपत्र, लायडनसाठी आयईएलटीएस आणि प्रबंधातलं एक प्रकरण इंग्रजीत. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर दोन्हींची मुदत मार्चअखेर संपते, ते नव्याने काढायला वडील तहसील कार्यालयात जाऊन आले. सातबाऱ्यावरची वारसनोंद मात्र या निमित्ताने सुरू झाली आहे. बेळगावच्या आत्याची सही झाली, मुंबईच्या काकांची बाकी आहे.